खुर्ची सोडायची नाही

ढब्बूच्या आईने सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवला तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. कागद म्हणजे तसे तीन कागद होते, एकाखाली एक डकवलेले. पंखा फिरला की सगळ्यात खालचा फडफडायचा आणि सूचना क्रमांक सव्वीस ते एकतीस तोंड फिरवून बसायच्या. तिने खालच्या टोकाला आणखी एक चिकटपट्टी लावली.

"आई, एकदा वाचून घेता का? म्हणजे मला निवांत जाता येईल."

सासूबाईंनी चष्मा लावला. "'सूचना चार. बाळ रडल्यास प्रथम कारण शोधावे.'" मग चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "आणि कारण सापडेपर्यंत? रडू द्यायचं?"

"तसं नाही हो. उचलायचंच. पण कारणही शोधायचं."

"'सूचना सात. साडेअकराला झोपवताना ससा द्यावा. सशाशिवाय बाळ झोपत नाही.'" सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी ओठ मिटले आणि पुढे गेल्या. "'सूचना बारा. लागोपाठ दोन शिंका आल्यास मला ताबडतोब कळवावे.' दोनच?"

"तिसरीची वाट कशाला बघायची?"

"'सूचना एकोणीस. बाळ जागे असताना मोबाईल हातात घेऊ नये.' मग कळवायचं कसं? गॅलरीतून हाका मारू?"

"अहो आई, शिंका नाहीच येणार. मी आपलं लिहून ठेवलंय."

"मी तीन पोरं वाढवली गं."

"मला माहितेय ना."

"कागद न वाचता वाढवली," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा काढून डब्यात ठेवला.

अकरा महिन्यांचा ढब्बू जमिनीवर बसून डब्याचं झाकण चाटत होता. झाकणं न चाटण्याबद्दलची सूचना बावीस क्रमांकाची होती, पण ढब्बूला अजून वाचता येत नव्हतं.

त्या दिवशी ढब्बूच्या आईला जायचंच होतं. डोंगर कोसळला तरी सव्वाअकराच्या आत कोपऱ्यावरच्या कॅफेत, खिडकीजवळच्या टेबलापाशी, भिंतीकडच्या वेताच्या खुर्चीत तिला बसलेलं असायचं होतं. नाहीतर ती खुर्ची गेली असती.

कॉलेजपासूनच्या त्या तिघी मैत्रिणी. एक कोर्टात उभी राहायची म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणायचे, दुसरी लोकांचे दात उपटायची, ती डॉक्टरीण. आणि ढब्बूच्या आईला, ढब्बू व्हायच्या आधी, दोघी सेक्रेटरी म्हणत. कारण शिस्त तिच्याकडे होती. महिन्याचा तिसरा गुरुवार, सव्वाअकरा, खिडकीजवळचं टेबल. ही वेळ तिनेच ठरवली होती आणि पाच वर्षांपूर्वी बैठकीचे नियमही तिनेच एका वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून तिघींच्या सह्या घेतल्या होत्या. सगळ्यांचे फोन टोपलीत, उलटे. सव्वाअकरानंतर आलेली गैरहजर. आपला कप संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. सोडली तर गैरहजर. आणि लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की खुर्ची दुसरीला. पाहुणे, सर्दी, नवऱ्याची बदली, बाळंतपण ही कारणं चालणार नाहीत, असं खाली अधोरेखित केलेलं होतं.

बाळंतपण हा शब्द मागाहून घातला होता, डॉक्टरणीला मुलगी झाली तेव्हा. दोन महिने चुकल्यावर डॉक्टरणीने सवलत मागितली, तर सेक्रेटरी पाय हलवत म्हणाली होती, "मूल झालं म्हणून काय जग थांबतं का गं?" तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरीण आली. ब्लाउज उलटा, पर्समध्ये थर्मामीटर. पण आली.

ते वाक्य आता ढब्बूच्या आईला रोज आठवायचं. साधारण दुपारी, केसांत चिकटलेली बिस्किटं काढताना.

ढब्बू झाल्यावर मैत्रिणींनी मोठं मन करून सात-आठ महिने बैठक तिच्याच घरी भरवली. पण एकदा ढब्बूने वकीलबाईच्या काळ्या कोटावर आपलं जेवण परत केलं आणि बैठक पुन्हा कॅफेत गेली. त्यानंतरचा पहिला गुरुवार ढब्बूच्या तापात गेला. दुसऱ्या गुरुवारी ती फाटकापर्यंत पोचली होती, पण मागून ढब्बूचं रडणं ऐकू आलं म्हणून धावत परत फिरली. ढब्बू गाढ झोपला होता. रडत होतं ते जिन्यातलं मांजर.

या दोन्ही वेळा तिच्या खुर्चीत डॉक्टरणीची नवी शेजारीण बसली. ती योगासनं शिकवायची. स्वभावाने इतकी गोड की तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. दुसऱ्या वेळी तर ती पाठीला लावायला घरून उशी घेऊन आली होती. ही उशीची बातमी कळली तेव्हापासून ढब्बूच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आख्ख्या जगात एकच खुर्ची अशी होती जिच्यावर बसलं की तिला कुणी 'ढब्बूची आई' म्हणत नसे. तिच्यावर आता दुसरीची उशी.

"येते आई," तिने बुटात पाय सरकवत म्हटलं आणि दाराशेजारच्या खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली.

खुंट्या दोन होत्या. पिशव्याही दोन. कॅफेला पाच वर्षं झाली तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी कॉफीच्या रंगाच्या कापडी पिशव्या वाटल्या होत्या, वर पांढऱ्या कपाचं चित्र. तिला दोन मिळाल्या होत्या. एक तिची, एक ढब्बूची.

ती कॅफेत शिरली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती. वकीलबाई घड्याळाकडे बघत होती, डॉक्टरीण दाराकडे. आणि शेजारच्या टेबलावर, एकटीच, मांडीवर उशी घेऊन योगावाली बसली होती.

"मी सहज आले होते," योगावाली गोड हसली. "या या. किती दमलात! खोल श्वास घ्या."

ढब्बूच्या आईने श्वास नंतर घ्यायचं ठरवलं. ती आधी वेताच्या खुर्चीत बसली, खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून.

"हजर," वकीलबाई म्हणाली. "अकरा वाजून तेरा मिनिटांनी. फोन टोपलीत."

ढब्बूच्या आईने पिशवीत हात घातला. हाताला काहीतरी मऊ लागलं. तिने ते बाहेर काढलं. तो ससा होता. राखाडी, एका कानाचा. दुसरा कान ढब्बूने चावून संपवला होता.

डॉक्टरीण इतकी हसली की तिला ठसका लागला.

"ठेव, सशाला टोपलीत ठेव," वकीलबाई म्हणाली. "उलटा. नियम म्हणजे नियम."

"अगं, ही ढब्बूची पिशवी आहे!" तिने ती टेबलावर पालथी केली. लंगोट, दोन झबली, पुसायचे ओले कागद, एक चिकट चमचा. "माझा फोन घरी. चावी घरी. आणि ससा इथे. साडेअकराला त्याला झोपवायचंय! सशाशिवाय तो झोपत नाही. तो रडणार, आई कारण शोधत बसणार, सापडणारच नाही, कारण कारण इथे टोपलीत आहे!"

"मग जा घरी," डॉक्टरीण म्हणाली. हे ती प्रेमाने म्हणाली, पण वाक्य संपता संपता तिची नजर नको तेवढी शांत झाली. "मूल झालं म्हणजे जग थांबतंच गं कधीकधी."

शेजारच्या टेबलावर उशी किंचित हलली.

"मी कुठेही जात नाहीये," ढब्बूची आई म्हणाली. "मी फोन करते. तुमचा कुणाचा तरी द्या."

"टोपलीतल्या फोनला हात लावायचा नाही," वकीलबाई म्हणाली. "अक्षर तुझं आहे, सही तुझी आहे."

"मग काउंटरवरचा."

"त्याबद्दल नियमात काही नाही. पण उठायचं नाही."

तेव्हा ती बसल्या जागेवरून ओरडली, "ताई! फोन मिळेल का इथे?" काउंटरमागच्या मॅनेजरबाई या टेबलाला पाच वर्षं ओळखत होत्या. त्यांनी काही न विचारता बिनतारेचा फोन आणून दिला. सोबत तिघींची कॉफीही आणली. मोठे कप, वर जाड फेस, आणि वाफ अशी की पलीकडची डॉक्टरीण धुरकट दिसावी.

ढब्बूच्या आईने फोन कानाला लावला आणि तिच्या लक्षात आलं की सासूबाईंचा नंबर तिला पाठ नाही. नवऱ्याचाही नाही. शेवटी आठ होता, किंवा तीन. बोटाने नाव दाबायची सवय. आकडे कोण लक्षात ठेवतं? तिला जन्मात एकच नंबर पाठ होता, माहेरचा. तो शाळेच्या डायरीत दरवर्षी लिहावा लागायचा.

"हॅलो, मम्मी?"

"हा कुठला नंबर? काय झालं? कोण पडलं?"

"कोणी पडलं नाही. मी कॅफेत आहे."

"आणि बाळ?"

"घरी. आईंजवळ."

पलीकडे एवढी शांतता पसरली की माहेरच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. "एवढंसं लेकरू घरी टाकून तू कॉफी प्यायला गेलीस?"

"टाकून नाही गं, ठेवून! तू फक्त आईंना फोन कर आणि सांग की ससा माझ्याकडे राहिलाय. मला त्यांचा नंबर पाठ नाही."

"सासूचा नंबर पाठ नाही?"

"कुणालाच नसतो गं हल्ली."

"मला आहेत सगळ्यांचे. वहीत." वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "तू काळजी करू नकोस. मी बघते."

मम्मीने 'मी बघते' म्हटलं की काळजी करायला घ्यावी, हे ढब्बूच्या आईला लहानपणापासून माहीत होतं. तिने ठरवलं, कप संपवायचा आणि धावत सुटायचं. तिने मोठा घोट घेतला.

"आई गं!"

"भाजलं?" डॉक्टरीण पुढे वाकली. "आ कर. जीभ वर. लाल झालीय थोडी, काही नाही. थांब, थांब, मिटू नकोस." तिने चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला केला. "मागची दाढ किडलीय तुझी. किती महिने दुखतेय?"

"आँ आँ आँ," ढब्बूची आई म्हणाली.

"चार? आणि मला दाखवायला आली नाहीस?"

तेवढ्यात काउंटरवर परत गेलेला फोन वाजला. मॅनेजरबाईंनी तो आणून दिला. "तुमच्यासाठी. मम्मी."

"विहीणबाई फोन उचलत नाहीत," मम्मी म्हणाली. "सहा वेळा केला. सहाही वेळा नुसता वाजला. म्हणून मी जावईबापूंना लावला."

"नको! आज त्यांची साहेबांबरोबर मीटिंग आहे!"

"होती. निघाले ते. मी सांगितलं, आई फोन उचलत नाहीत, बाळाचं काय झालंय कळत नाही, बायको कॅफेत आहे. फार समजूतदार आहेत हो ते. काही विचारलं नाही, पळालेच."

ढब्बूच्या आईने फोन मॅनेजरबाईंना परत दिला आणि कपाकडे पाहिलं. फेस खाली बसला होता, पण कॉफी अजून कपाच्या काठाशी होती. ती फुंकर मारू लागली. जन्मात कुणी कॉफीवर एवढी फुंकर मारली नसेल. फेसाचे थेंब वकीलबाईच्या कोटावर उडाले.

"या घराण्याचं माझ्या कोटाशी काय वैर आहे?" वकीलबाई म्हणाली.

"तुम्ही हवं तर जा," योगावाली हलक्या आवाजात म्हणाली. "मी खुर्ची सांभाळीन."

"सांभाळायला ती काय पडतेय?" ढब्बूची आई म्हणाली आणि दुसरा घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तिने तिसरा घेतला. कप जेमतेम पाऊण झाला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी मॅनेजरबाई धावतच आल्या.

"घराला कुलूप आहे!" मम्मीचा आवाज आख्ख्या कॅफेला ऐकू गेला. "जावईबापू दारात उभे आहेत. आत कुणी नाही. फोन आत वाजतायत, दोन-दोन! विहीणबाई नाहीत, बाळ नाही, बाबागाडी नाही! मी बॅग भरायला घेतलीय. पहिल्या गाडीने निघते."

फोन कुणाच्या हातात दिला हे तिला कळलंही नाही. ती उभी राहिली. उभी राहताना गुडघा टेबलाला लागला, कप कलला, तिने तो झेलला. आणि मधल्या त्या अर्ध्या क्षणात तिला दिसलं की शेजारच्या टेबलावरची उशी मांडीवरून उठून हातात आली आहे.

ढब्बूच्या आईने आयुष्यात बरेच निर्णय विचार करून घेतले होते. हा तसा नव्हता. तिने डावा हात वेताच्या खुर्चीच्या पाठीतून घातला, खुर्ची खांद्याला अडकवली, उजव्या हातात कप घेतला, दातांत सशाचा उरलेला कान धरला आणि चालू लागली.

"ही काय भानगड आहे?" वकीलबाई ओरडली.

उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. ती टेबलांमधून वाट काढत निघाली. खुर्चीचा पाय एकाच्या वर्तमानपत्रात अडकला, तो वर्तमानपत्रासकट दारापर्यंत आला. मॅनेजरबाईंनी दार उघडून धरलं. मागून, आपापले कप घाईने रिकामे करून वकीलबाई आणि डॉक्टरीण, आणि उशी घेतलेली योगावाली अशा तिघी.

फुटपाथवर तिने खुर्ची टेकवली, ससा काखेत घेतला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. घर डावीकडे, दहा मिनिटांच्या अंतरावर. खुर्ची घेऊन पंधरा. तिने कप सावरला आणि खुर्ची उचलायला वळली, तर खुर्चीत एक आजोबा बसले होते.

"बाहेर बसायची सोय केलीत? फार छान," आजोबा म्हणाले. "मला बिनसाखरेची."

"काका, उठा! ती माझी खुर्ची आहे!"

"मग आत बसा की. आत जागा आहे."

"काका, माझं बाळ हरवलंय!"

आजोबा ताडकन उठले. आणि ते उठल्यामुळेच मागचा फुटपाथ दिसला. फुटपाथवरून, रहदारीकडे तुच्छतेने बघत, एका हाताने बाबागाडी ढकलत सासूबाई येत होत्या. खांद्याला कॉफीच्या रंगाची पिशवी. गाडीत ढब्बू, लालबुंद, भोंगा पसरलेला.

"अगं, तू रस्त्यात खुर्ची घेऊन काय करतेयस?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही इथे काय करताय?"

"कळवायला आले. दोन शिंका आल्या."

ढब्बूच्या आईने ढब्बूच्या नाकाकडे पाहिलं.

"लागोपाठ," सासूबाई म्हणाल्या. "सूचना बारा, ताबडतोब कळवावे. मी म्हटलं बरं, कळवू. हा जागा, म्हणजे सूचना एकोणीस, मोबाईल हातात घ्यायचा नाही. माझा वाजत होता, तो तसाच वाजू दिला. तुला लावायला मात्र घेणार होते, पण तुझाच फोन पिशवीत वाजायला लागला. साडेअकराचा गजर, वर 'ससा' असं लिहिलेलं. म्हणजे फोन घरी, चावी घरी, तू इकडे. मग कळवायचं कुणाला? म्हटलं, समोर जाऊनच सांगावं. तुझा-माझा, दोन्ही फोन मुद्दाम घरी ठेवले. तुझे नियम मोडले असं नको व्हायला."

वकीलबाईने सासूबाईंकडे अशा नजरेने पाहिलं, जिने ती फक्त वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशांकडे बघत असे.

ढब्बूच्या आईने खाली वाकून ढब्बूला ससा दिला. ढब्बूने तो घेतला, पाहिला आणि रस्त्यात भिरकावला. रडण्याची पट्टी आणखी वर गेली.

"ससा नको त्याला," सासूबाई म्हणाल्या. "आत घ्या गाडी."

गाडी आत आली, खुर्ची आत आली, कप आत आला. काउंटरवर मॅनेजरबाईंनी बिया दळायचं यंत्र सुरू केलं. घर्र असा आवाज कॅफेभर घुमला. ढब्बूने तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर आलं नाही. त्याच्या पापण्या जड झाल्या. मान एका बाजूला गेली. यंत्र बंद झालं तेव्हा तो गाढ झोपला होता, तोंड तसंच उघडं.

"हे काय?" ढब्बूच्या आईने विचारलं.

"मिक्सर," सासूबाई म्हणाल्या. "रोज तू अंघोळीला गेलीस की मी रिकामा मिक्सर फिरवते. दोन मिनिटांत गार होतो."

"आणि ससा?"

"तो नंतर ठेवते कुशीत. तू येऊन बघतेस ना, तुला बरं वाटतं."

डॉक्टरणीने ओठ चावले. ढब्बूच्या आईने टेबलावर कप ठेवला, खुर्ची जागेवर लावली, आणि बाळाची मान नीट करायला दोन पावलं बाजूला झाली. दोनच. वळून बघते तर सासूबाई खुर्चीत टेकल्या होत्या.

"दमले गं बाई," त्या म्हणाल्या. समोरचा कप उचलून त्यांनी तो एका दमात खाली केला. "बरी आहे. पण गार झालीय. किती वेळ ठेवलीस?"

योगावालीने उशी छातीशी धरली. तिचे डोळे वकीलबाईवर होते.

वकीलबाईने घसा साफ केला. "खुर्ची रस्त्यावर नेली तिथपर्यंत हरकत नाही. खुर्ची सोडलेली नव्हती. पण आत्ता सभासद उभी आहे आणि कप तिने संपवलेला नाही. मला वाईट वाटतं, पण…"

"थांब," ढब्बूची आई म्हणाली. तिची जीभ भाजली होती, दाढ ठणकत होती, खांद्यावर वेताचे वळ उठले होते, पण आवाज सेक्रेटरीचा होता. "नियम काय आहे? कप संपेपर्यंत. मी बाळाकडे सरकले ती दोन पावलं. तोवर खुर्चीत माझ्या घरचं माणूस बसलं आणि कप संपला. आता खुर्ची भरलेली आहे आणि कप रिकामा आहे. दाखव गैरहजेरी कुठे आहे."

"कप तूच संपवायला हवा, असं…"

"कुठे लिहिलंय? नियम मी लिहिलेत. कुठे काय लिहिलेलं नाही हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहितेय."

वकीलबाई डॉक्टरणीकडे वळली. "तुझं काय म्हणणं?"

डॉक्टरणीने उघड्या तोंडाने झोपलेल्या ढब्बूकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे. मैत्रिणीच्या कुर्त्याची शिवण बाहेरच्या बाजूला होती. सकाळपासून. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मी उलटा ब्लाउज घालून आले होते तेव्हा मला हजर धरलं होतं," डॉक्टरीण म्हणाली. "हिला पण धरा."

"मंजूर," वकीलबाई म्हणाली. "यापुढे एका घराची एक खुर्ची. घरातलं कोणीही बसलं तरी हजर."

"म्हणजे मीसुद्धा?" सासूबाईंनी विचारलं. "मग एक गरम सांगा. आणि तुम्ही कोर्टात असता ना? आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंची एक भानगड आहे, तुम्हाला विचारायचीच होती."

ढब्बूचे बाबा कॅफेत धडकले तेव्हा टाय पाठीवर गेला होता. त्यांना दिसलं ते असं: आई बायकोच्या दोन मैत्रिणींना हातवारे करून काहीतरी सांगतेय आणि त्या पुढे सरकून ऐकतायत. बाळ घोरतंय. बायको उभी आहे, काखेत मळका ससा.

"सगळं ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. खुर्ची वाचली," बायको म्हणाली.

मम्मीला मात्र कळवायचं सगळेच विसरले. ती संध्याकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि नऊ दिवस राहिली.

पुढचा महिना बघता बघता आला. तिसऱ्या गुरुवारी सकाळी ढब्बूच्या आईने कुर्त्याची शिवण तीनदा तपासली आणि बाहेर आली. सासूबाई दारात बूट घालत होत्या. ठेवणीतले कपडे, कपाळावर बसवलेले केस, खांद्याला पिशवी. योग्य पिशवी.

"त्या खालच्या बाईंचं अर्धंच राहिलं गं मागच्या वेळी," त्या म्हणाल्या. "वकीलबाई म्हणाल्या, कागद घेऊन या. तू पुढच्या महिन्यात जा. तशीही ढब्बूला सर्दी आहे."

"आई, पण…"

"एक घर, एक खुर्ची. भांडून तूच मिळवलीस," सासूबाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

ढब्बूची आई स्वयंपाकघरात आली. फ्रिजवरच्या एकतीस सूचनांवर एक नवा कागद चिकटवला होता, सासूबाईंच्या तिरप्या अक्षरात.

एक. बाळ रडलं तर उचल.

दोन. कॉफी गरम आहे तोवर पी.

तिने तो दोनदा वाचला. मग तिने कॉफी केली, मोठ्या कपात. ढब्बू कुरकुरायला लागला तसा रिकामा मिक्सर फिरवला. दोन मिनिटांत तो गार झाला. ती स्टुलावर बसली, कप तोंडाला लावला आणि फोन वाजला.

"मी पोचले," सासूबाई म्हणाल्या. "तो शिंकला का?"

"नाही आई. फोन टोपलीत ठेवायचा असतो ना?"

"मला सवलत दिलीय. बरं, झोपला का? कुठल्या कुशीवर? पंखा मोठा नाही ना?"

"आई," ती म्हणाली, "तुम्ही खुर्ची सोडू नका. ठेवते."

तिने फोन बटाट्यांच्या टोपलीत उलटा ठेवला. कॉफी गरम होती. घोट घशाखाली उतरला तशी ती भिंतीला टेकली. दुसरा घोट. तिसरा. अर्धा कप. दारावरची बेल वाजली. ती उठली नाही. बेल पुन्हा वाजली, या वेळी जरा लाजत. शेवटचे दोन घोट उरले होते. ते तिने एकेक करून, गरम, घेतले. कप खाली ठेवला आणि मग दार उघडलं.

दारात योगावाली उभी होती. हातात उशी.

"तुमच्या सासूबाई म्हणाल्या," ती अवघडून म्हणाली, "इथे खुर्ची भरलीय, तिकडे सून एकटी असेल, तिकडे जा. मी नंतर येऊ का?"

ढब्बूच्या आईने उशीकडे पाहिलं. मग तिने बाजूला सरकून वाट दिली आणि ओट्याखालचं दुसरं स्टूल पायाने ओढलं.

"बसा," ती कॉफीचं भांडं गॅसवर ठेवत म्हणाली. "फोन त्या बटाट्यांत. आणि कप संपेपर्यंत उठायचं नाही."